दुखऱ्या पायाची उपकारस्तुती

सुरतेत लांब पल्ल्याचे धावणारे लोक रविवारची पहाट राखून ठेवतात. पावसाळा सरला की जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी जोर धरते आणि डुमस रोडवर उजाडण्याआधीच बुटांचे आवाज सुरू होतात. समुद्र जवळ, तापी गावातून वाहते. त्यामुळे हवेतला दमटपणा हटत नाही. ऊन चढल्यावर पंचविसाव्या किलोमीटरला पाय उचलत नाहीत, म्हणून सगळा हिशोब पहाटेचा. धावणे आटोपले की कोणी लोचो या सुरती फराळाच्या गाडीकडे वळतो, कोणी थेट घरी जातो.

यांत जो ख्रिस्ती असतो त्याला आणखी एक वेळ गाठायची असते, ती उपासनेची. घामाचे कपडे बदलून, ओल्या केसांनी, पहिले गीत संपता संपता मागच्या बाकावर बसणारा माणूस त्याच्या मंडळीत सगळ्यांना ओळखीचा असतो. मग एके दिवशी नडगीत एक जागा दुखू लागते. आधी धावताना, मग जिना उतरताना, शेवटी रात्री पलंगावरही. एमआरआय होतो, डॉक्टर धावणे बंद करतात, आणि चार महिन्यांची तयारी एका चिठ्ठीने संपते.

अशा वेळी त्याला दोन तऱ्हेचे धीर मिळतात. धावणाऱ्यांच्या गटातले म्हणतात, बर्फ लाव, आठवड्यात ठणठणीत होशील. मंडळीतले म्हणतात, देवाची यात काहीतरी योजना असेल, उपकार मान. दोन्हीकडचा हेतू चांगला असतो आणि दोन्हीकडे घाई असते. दुखावलेल्या हाडाला आणि दुखावलेल्या मनाला किती वेळ लागतो, श्रद्धा त्यात काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे या प्रकरणात पाहू.

हाडाचे वेळापत्रक

फ्रॅक्चर म्हटले की आपल्याला पडणे, आपटणे, प्लास्टर आठवते. स्ट्रेस फ्रॅक्चरमध्ये यातले काही घडत नाही. १८५५ साली ब्राइटहाउप्ट या प्रशियाच्या लष्करी डॉक्टराने लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचे वर्णन करून ठेवले. त्यांना मार लागलेला नव्हता, नुसते चालून पाय निकामी झाले होते. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा; त्यानंतर कळले की त्या पावलांतली हाडे तडकलेली असतात.

हाड ही जिवंत वस्तू आहे. प्रत्येक धावेनंतर त्यात सूक्ष्म झीज होते आणि शरीर ती भरून काढते. मात्र भरण्याआधी पोखरावे लागते, जसा रस्ता नव्याने करायचा तर आधी जुना उखडावा लागतो. एका प्रकारच्या पेशी झिजलेला भाग काढून टाकतात आणि दुसऱ्या प्रकारच्या पेशी तिथे नवे हाड घालतात. काढण्याचे काम लवकर उरकते, घालण्याचे रेंगाळते. त्यामुळे सराव एकदम वाढवल्यावर पहिले काही आठवडे हाड आधीपेक्षा कमकुवत असते, आणि नेमके तेव्हाच धावणाऱ्याला वाटत असते की आपण तयार झालो. दम वाढलेला असतो, पोटऱ्या भरलेल्या असतात, हाड मात्र मागे राहिलेले असते.

सुरतेत दोष बहुधा सिमेंटच्या रस्त्याला दिला जातो. रस्ता अगदीच निर्दोष नाही. पण धावणारे शरीर जमिनीच्या कठीणपणानुसार पायाचा ताठपणा कमीजास्त करून घेते, त्यामुळे रस्त्यापेक्षा मोठे कारण म्हणजे अंतरात अचानक केलेली वाढ. दुसरे कारण ताटातले. जितके धावतो तितके न खाल्ल्यास शरीर हाडांच्या दुरुस्तीवर काटकसर करते. स्त्रियांमध्ये पाळी अनियमित होणे ही त्याची धोक्याची खूण. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला, पुरुषांनाही धरून, स्वतंत्र नाव दिले. तिसरे कारण ड जीवनसत्त्वाचे. पहाटे अंधारात धावून दिवसभर कार्यालयात किंवा हिऱ्यांना पैलू पाडायच्या घंटीवर बसणाऱ्याच्या अंगाला ऊन लागते कधी?

भरून येण्याचा काळही हाड ठरवते. नडगीच्या साध्या स्ट्रेस फ्रॅक्चरला साधारण ६ ते ८ आठवडे, कधी १२ लागतात. मांडीच्या हाडाच्या मानेला किंवा पावलाच्या वरच्या बाजूच्या नाविक हाडाला तडा गेला तर महिने जातात, शस्त्रक्रियाही लागू शकते. सुरुवातीचा साधा एक्स-रे अनेकदा स्वच्छ येतो. तो पाहून ‘काही नाही’ असे समजून पुन्हा धावायला गेलेले लोकच पुढे जास्त काळ अडकतात. प्रार्थना करणाऱ्याचे हाड आणि न करणाऱ्याचे हाड याच क्रमाने भरते.

धावण्याच्या उपमा देणारा दुखणाईत

सुरतेच्या ख्रिस्ती इतिहासात एक धागा आपल्या विषयाशी जुळतो. लंडन मिशनरी सोसायटीचे जेम्स स्किनर आणि विल्यम फायवी १८१५ साली सुरतेत आले. १८२० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी केलेला नव्या कराराचा गुजराती अनुवाद इथेच छापला गेला. मराठीत श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांचा नवा करार १८११ साली निघाला होता आणि मुंबईच्या अमेरिकन मिशनचा १८२६ साली. पुढे १८४० च्या दशकात सुरतेचे काम आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. दक्षिणेला वलसाड, व्यारा, आहवा या पट्ट्यात अमेरिकन ब्रेदरन मिशन पोहोचले. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले तेव्हा हे वेगवेगळे प्रवाह त्यात मिळाले. आज सुरतेच्या उपासनेत शेजारी बसलेल्यांपैकी एकाचे गाव तापी जिल्ह्यात असते, दुसऱ्याचे डांगात, तिसऱ्याचे नवापूरला, जिथल्या रेल्वे फलाटावरून महाराष्ट्र-गुजरातची सीमा जाते. याच डोंगरपट्ट्याने देशाला धावपटूही दिले. डांगच्या मुरली गावीतने २०१९ साली दोहा येथील आशियाई अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक जिंकले.

त्या अनुवादांतून प्रेषित पौलाची पत्रे या भागात आली, आणि पौल हा धावण्याच्या उपमा देणारा लेखक. इसवी सनाच्या पन्नाशीत तो करिंथ शहरात सुमारे दीड वर्ष राहिला. शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत. विजेत्याच्या डोक्यावर पाइनच्या किंवा सेलरीच्या पानांचा मुकुट घालत, जो काही दिवसांत वाळून जाई. करिंथकरांना लिहिताना पौल धावण्याच्या शर्यतीचा, संयमाचा आणि या नाशिवंत मुकुटाचा दाखला देतो. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात आयुष्य ही पूर्ण केलेली धाव म्हणून येते. मैदानी खेळांच्या ख्रिस्ती शिबिरांत, बक्षीस समारंभांत ही वचने हमखास वाचली जातात.

त्याच पौलाचे शरीर मात्र धड नव्हते, ही गोष्ट अशा समारंभांत कोणी सांगत नाही. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात तो आपल्या शरीरातल्या एका काट्याबद्दल लिहितो. तो दूर व्हावा म्हणून त्याने तीनदा प्रार्थना केली, काटा राहिला. तो काटा म्हणजे डोळ्यांचा विकार, हिवताप की आणखी काही, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. गलतीकरांना तर तो स्पष्ट सांगतो की तुमच्याकडे मी पहिल्यांदा सुवार्ता सांगितली ती आजारपणामुळे. तिथे दुखण्याने थांबावे लागले आणि त्या मुक्कामातून एक मंडळी उभी राहिली. थेस्सलनीकाकरांना हर परिस्थितीत उपकार मानायला सांगणारा माणूस हा असा होता. त्याने प्रत्येक परिस्थितीबद्दल उपकार मानायला सांगितलेले नाही. दुखापत ही देणगी आहे असे मानण्याची सक्ती त्या पत्रात नाही. दुखापतीच्या काळातही आभार मानण्याजोगे काही उरते, एवढेच तो म्हणतो, आणि तेवढे दुखणाईताला पेलते.

रविवारचे बंधन आणि रविवारची मोकळीक

सुरतेत पहिले मिशनरी पाठवणाऱ्या त्याच लंडन मिशनरी सोसायटीने १९२५ साली चीनला एक शिक्षक पाठवला. त्याचे नाव एरिक लिडेल. आदल्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या म्हणून त्याने ती शर्यत सोडली आणि ४०० मीटरमध्ये ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. ही कथा जगभर माहीत आहे. तिचा उत्तरार्ध कमी माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्याला वेइशियनच्या छावणीत डांबले. तिथल्या मुलांचे रविवारी खेळताना भांडण होऊ लागले तेव्हा, ज्या रविवारसाठी त्याने शर्यत सोडली होती त्याच रविवारी तो पंच म्हणून मैदानात उतरला. मेंदूतल्या गाठीने २१ फेब्रुवारी १९४५ रोजी तो छावणीतच वारला.

विश्रांतीचा दिवस माणसासाठी असतो, हे लिडेलला शेवटी असे उमगले. धावणाऱ्याला मात्र विश्रांती शिक्षेसारखी वाटते. आपण थांबलो तर इतर पुढे जातील, ही भीती त्याला सुट्टीच्या दिवशीही बाहेर काढते. सहा दिवस काम आणि सातवा मोकळा, हा जुना नियम याच भीतीवर बोट ठेवतो: एक दिवस तुझ्यावाचून जग चालेल. दुखापत झालेल्या ख्रिस्ती धावपटूला हा नियम नव्याने समजण्याची संधी असते, कारण हाडाचे वेळापत्रकही तेच सांगत असते.

एक शर्यत, तीन माणसे

३ नोव्हेंबर २००७. न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये बीजिंग ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या पुरुष मॅरेथॉन संघाची निवड चाचणी होती. रायन हॉलने २ तास ९ मिनिटे २ सेकंदांत ती जिंकली. मेब केफ्लेझिगी आठवा आला. आणि सुरुवातीच्या मैलांतच २८ वर्षांचा रायन शे कोसळला आणि हृदय बंद पडून गेला. शे हा मेबचा मित्र होता, आणि हॉल दांपत्याचीही त्याच्या घरच्यांशी मैत्री होती.

मेब इरिट्रियात जन्मलेला. युद्धातून निसटून त्याचे कुटुंब १९८७ साली अमेरिकेत पोहोचले. २००४ साली अथेन्सला त्याने मॅरेथॉनचे रौप्यपदक जिंकले होते. २००७ च्या त्या शर्यतीनंतर त्याला चालता येईना. खोलीत तो हातापायांवर रांगत फिरला. निदान झाले: कमरेच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर. ऑलिंपिक हुकले, मित्र गेला, वय तिशीच्या पुढे. अनेकांनी त्याला मोडीत काढले. दोन वर्षांनी, १ नोव्हेंबर २००९ रोजी, त्याच सेंट्रल पार्कमध्ये संपणारी न्यू यॉर्क मॅरेथॉन त्याने २:०९:१५ वेळेत जिंकली. १९८२ नंतर ती जिंकणारा तो पहिला अमेरिकन पुरुष. अंतिम रेषेवर त्याने छातीवर क्रूसाची खूण केली आणि जमिनीचे चुंबन घेतले. २१ एप्रिल २०१४ रोजी, एकोणचाळिसावा वाढदिवस दोन आठवड्यांवर असताना, आदल्या वर्षी बोस्टन मॅरेथॉनमध्ये झालेल्या बॉम्बस्फोटाशी जोडल्या गेलेल्या मृतांची नावे आपल्या नंबरपट्टीच्या कोपऱ्यांत लिहून तो धावला आणि बोस्टनही जिंकला.

हॉलची गोष्ट उलटी. श्रद्धेबद्दल तो मेबपेक्षाही उघड बोलायचा. उत्तेजक चाचणीच्या अर्जात प्रशिक्षकाच्या रकान्यात त्याने ‘देव’ असे लिहिले होते. २०११ साली बोस्टनला तो २:०४:५८ वेळेत धावला. तोवर कोणी अमेरिकन इतक्या कमी वेळेत मॅरेथॉन धावला नव्हता. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मांडीच्या मागच्या स्नायूने दगा दिला आणि त्याने अर्ध्यावरच शर्यत सोडली. त्यानंतर थकवा आणि दुखापती यांतून तो वर आला नाही. जानेवारी २०१६ मध्ये, ३३ व्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली. श्रद्धा उणी पडली म्हणून शरीर थकले, असे म्हणायला काहीही आधार नाही. दशकभराच्या कठोर सरावाने शरीराची गंगाजळी संपवली होती. पुढे त्याने पत्नी सारा हिला प्रशिक्षण दिले. २०२० च्या लंडन मॅरेथॉनमध्ये ती दुसरी आली. २०१५ साली दोघांनी इथिओपियातल्या चार बहिणींना दत्तक घेतले होते.

आपल्याकडच्या मंडळ्यांत साक्ष देण्याची पद्धत आहे. दुखणे आले, प्रार्थना केली, बरे झालो, देवाचे उपकार: साक्षीचा हा साचा ठरलेला. त्यात मेब चपखल बसतो, हॉल बसत नाही. साक्ष बरे झाल्यावरच द्यायची, असा संकेत पडला की ज्याचा पाय अजून दुखतो आहे तो गप्प राहतो. त्याला वाटते, आपली श्रद्धाच कमी पडली. पौलाने मात्र काटा निघालेला नसताना पत्र लिहिले.

उपकाराचा सराव

कृतज्ञतेवर मानसशास्त्रातही काम झाले आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांचा २००३ सालचा अभ्यास त्यात बहुधा सर्वांत जास्त उद्धृत केला जातो. काही लोकांनी आभार मानण्याजोग्या गोष्टी नियमित लिहिल्या, काहींनी त्रासाच्या, काहींनी सर्वसाधारण घडामोडी. त्यातल्या एका प्रयोगात मज्जातंतू आणि स्नायूंच्या जुनाट विकाराचे रुग्ण होते. आभाराची यादी करणाऱ्यांना झोप बरी लागली आणि मन अधिक प्रसन्न राहिले. आजार बरा झाला, असा दावा त्यात नाही. पुढच्या अनेक अभ्यासांचा एकत्र विचार केला तर परिणाम लहानच दिसतो. तरी झोप ही लहान गोष्ट नव्हे, कारण दुखापतीतून सावरणारे शरीर झोपेवर बरेच अवलंबून असते.

ख्रिस्ती परंपरेने हा सराव मनाच्या लहरीवर सोडलेला नाही. महाराष्ट्रातल्या मंडळ्यांत हंगामाचा सण होतो. कोणी धान्याची पायली आणतो, कोणी भोपळा, कोणी डझनभर अंडी, कोणी पाय बांधलेली कोंबडी. उपासनेनंतर लिलाव पुकारला जातो आणि दहा रुपयांच्या लिंबांना शंभर रुपये मिळतात. पीक कमी आले म्हणून सण टळत नाही. ज्याच्याकडे जेवढे, तेवढे तो आणतो. आभाराची तारीख आधी ठरलेली असते आणि मन मागून येते. फिजिओने सांगितलेल्या व्यायामाचेही असेच. टाचेवरच्या शिरेच्या जुनाट दुखण्यासाठी स्वीडनच्या आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली मांडलेल्या पद्धतीत पायरीच्या कडेवर उभे राहून टाच हळूहळू खाली न्यायची असते: १५ वेळा, ३ फेऱ्या, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे. दिवसाला १८० वेळा. आज इच्छा आहे का, हा प्रश्न त्यात नसतो.

आभाराच्या जोडीला तक्रारीलाही जागा हवी. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी साधारण तिसरा हिस्सा विलापाचा आहे. देवा, किती काळ, असे विचारणारी ती गाणी उपासनेतच गायली जात. तेव्हा हुकलेल्या मॅरेथॉनबद्दल चिडलेल्या माणसाला ‘रडू नको, उपकार मान’ म्हणणे शास्त्राला धरून नाही. त्याला आधी चिडू द्यावे.

आता वाचकाला काही रोखठोक सूचना. दुखरी जागा एका बोटाने दाखवता येत असेल, तिथे दाबल्यावर कळ येत असेल, किंवा एका पायावर उडी मारून दुखत असेल तर धावणे त्याच दिवशी बंद करा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. जांघेत दुखत असेल तर एक दिवसही थांबू नका. एक्स-रे स्वच्छ आला तरी दुखणे राहिल्यास एमआरआयबद्दल विचारा. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. दुखापत लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, दिवसांत आली तर अन्नाचा उपवास करू नका, तुटलेल्या हाडाला जेवण लागते. पाळकांशी बोलून दुसरा काही त्याग ठरवा. डॉक्टरांनी परवानगी दिली तर पोहणे, सायकल चालू ठेवा. पुन्हा सुरुवात चालण्याने करा आणि अंतर हळूहळू वाढवा.

मंडळीतल्यांनाही एक विनंती. लंगडत आलेल्याला देवाची योजना समजावून सांगू नका. दवाखान्यात सोबत जा, किंवा त्याच्या घरी डबा द्या.

आणि ज्याचा पाय आज दुखतो आहे त्याला: साक्ष द्यायची असेल तर बरे होण्याची वाट पाहू नका. पाय दुखतो आहे, मन खट्टू आहे, तरी या आठवड्यात अमुक माणसाने माझ्यासाठी अमुक केले, त्याबद्दल देवाचे आभार. एवढे दोन वाक्यांत सांगून खाली बसा. मागच्या बाकावर आणखी कोणीतरी दुखणे दाबून बसलेला असतो, त्याला ते ऐकण्याची गरज असते.